सोळा एमबीचा घास

घासाचं माप चुकलं की माणूस फसतो, असं माझं अलीकडे ठाम मत झालेलं आहे. लहानपणी आई सांगते, “लाडू फोडून खा.” मोठेपणी बँक सांगते, “कर्ज हप्त्याने फेडा.” या दोन उपदेशांच्या मधली पंचवीस-तीस वर्षं आपण अख्खा लाडू तोंडात कोंबण्यात घालवतो आणि ठसका लागला की लाडवाला नावं ठेवतो.

हे तत्त्वज्ञान मला एखाद्या महात्म्याने सांगितलं असतं, तर मी ते केव्हाच विसरलो असतो. मला ते एका फाईलने शिकवलं. फाईल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लाल फीत, गंजलेली टाचणी आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ हे वाक्य आलं असेल. माझ्याही डोळ्यांसमोर तेच येतं. मी चिखलीला एका बँकेत क्लार्क आहे आणि बी.कॉम. होताना मला जी काही अक्कल आली, ती सगळी कागदावरची. पण ही फाईल कागदाची नव्हती. ती नऊ जीबीची होती आणि तिच्यात माझे वडील होते.

सांगतो. आमचे नाना गेल्या साली गेले. त्याच्या आदल्या दिवाळीत माझा पुतण्या टोरांटोहून आला होता. या पिढीला देवळात गेल्यावर देवाच्या आधी कॅमेऱ्याची आठवण होते, त्याचा मला एरवी राग येतो. पण त्या दिवाळीत त्याने एक शहाणपणाचं काम केलं. नानांना ओसरीवर खुर्चीत बसवलं, समोर कॅमेरा लावला आणि म्हणाला, “आजोबा, बोला.” नाना प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं मास्तर. त्यांना ‘बोला’ म्हणणं म्हणजे बैलाला हिरव्या शेतात नेऊन ‘चर’ म्हणणं. तीन संध्याकाळी ते बोलले. एकूण सहा तास चोवीस मिनिटं. त्यात त्यांचं बालपण होतं, खामगावच्या जिनाच्या गोष्टी होत्या, १९७२ चा दुष्काळ होता आणि भाऊबंदांपैकी कोणी कोणाचा धुरा किती हात कोरला, याचा गट नंबरासकट तपशील होता.

पुतण्या ते सगळं घेऊन कॅनडाला गेला आणि कामाच्या धबडग्यात विसरला. नानांच्या वर्षश्राद्धाला बारा दिवस राहिले असताना त्याचा फोन आला.

“काका, आजोबांची फाईल मी माझ्या सर्व्हरवर टाकलीय. लिंक पाठवतो. डाउनलोड करा आणि आजीला दाखवा.”

आजीला दाखवा! एवढं सोपं ते वाक्य. आमच्या आईने नानांचा आवाज पंचावन्न वर्षं ऐकला. त्यातली निदान तीस वर्षं तो जरा वेळ बंद व्हावा म्हणून तिने देवाला साकडं घातलं असेल. आणि आता वर्षभर ती भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोशी बोलत होती. फोटो उलटून बोलत नव्हता, एवढाच काय तो संसारात फरक पडला होता. मी तिला उत्साहाच्या भरात सांगून बसलो, “आई, श्राद्धाच्या दिवशी तुला नाना दिसतील. बोलताना.” ती काही बोलली नाही. नुसती पदराने चष्मा पुसू लागली. आमच्याकडे पदराने चष्मा पुसला की समजायचं, आता माघार नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? यूट्यूबवर टाकायचं! टाकलं असतं, पण त्यात धुऱ्यांचा तपशील होता आणि अर्धा तालुका कोर्टात गेला असता. व्हॉट्सॲपवर दोन जीबीच्या पुढची फाईल जात नाही. ‘लहान करून पाठव’ म्हटलं तर पुतण्या म्हणाला, “काका, आजोबा पुसट होतील.” ते मलाच नको होतं. बँकेच्या इंटरनेटवर घरची फाईल उतरवणं नियमात बसत नाही आणि नानांनाही ते आवडलं नसतं. ते शाळेचा खडू कधी घरी आणत नसत. राहिली घरची फायबरची लाईन. ती रस्त्याच्या कामात तुटली होती. मी तक्रार नोंदवली होती, ती नोंदवली गेली होती आणि नोंदवलेलीच राहिली होती.

म्हणजे उरला माझा मोबाईल आणि त्याचा रोजचा दीड जीबीचा शिधा.

पहिल्या दिवशी मी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून लिंक दाबली. मुलीच्या जुन्या लॅपटॉपला मोबाईलचं इंटरनेट जोडलं होतं. एक टक्का, दोन टक्के... सोळा टक्के झाले आणि शिधा संपला. त्यानंतर जो वेग राहतो, त्यापेक्षा आमच्याकडे लग्नाची पत्रिका लवकर पोचते. रात्री केव्हातरी तेही तुटलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लिंक दाबली. तिने पुन्हा शून्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा सोळाला टेकली. तिसऱ्या दिवशी तेच. फक्त फाईलच्या नावापुढे कंसात एक, मग कंसात दोन असे आकडे आले. तीन दिवसांत मी साडेचार जीबी उतरवले, म्हणजे हिशेबाने निम्मे नाना. पण ते एकच सोळा टक्के तीनदा. कर्जदार दर महिन्याला पहिलाच हप्ता भरत राहिला तर काय होईल, तसं झालं.

चौथ्या दिवशी मी शेजारच्या मुलाला हाक मारली. तो शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. १९८३ साली निघालेल्या या कॉलेजने आमच्या जिल्ह्यात प्रत्येक गल्लीत एक इंजिनिअर पुरवायचा विडाच उचलला आहे. आमच्या गल्लीचा तो. त्याने कपाळाला आठी घालून लॅपटॉपकडे पाहिलं आणि डॉक्टर विचारतात तसं विचारलं, “काका, किती दिवसांपासून आहे?”

मग त्याने मला जे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपला लॅपटॉप आणि लांबचा सर्व्हर ज्या रीतीने बोलतात, तिला एचटीटीपी म्हणतात. म्हणजे काउंटरवर बोलायची ठरलेली रीत. आपण मागायचं, त्याने द्यायचं, आणि देताना एक आकडा सांगायचा. दोनशे म्हणजे ‘हे घ्या सगळं’. चारशे चार म्हणजे ‘असं काही इथं नाही’. एवढं मलाही ठाऊक होतं. पण १९९७ साली या रीतीची जी सुधारलेली आवृत्ती निघाली, तिच्यात एक सोय करून ठेवलेली आहे. आपण सर्व्हरला ‘अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतच दे’ असं सांगू शकतो. त्या मागणीला म्हणायचं रेंज. मग सर्व्हर दोनशे म्हणत नाही, दोनशे सहा म्हणतो, म्हणजे ‘मागितलात तेवढा तुकडा देतोय’. आणि फाईल संपली त्याच्या पलीकडचं काही मागितलं, तर चारशे सोळा म्हणतो.

“म्हणजे खात्यात शिल्लक अपुरी,” मी म्हणालो.

“तसंच समजा. पण सगळेच सर्व्हर तुकडे देत नाहीत. काही जण तुकडा मागितला तरी दोनशे म्हणतात आणि पहिल्यापासून सगळं ओततात.”

मला नवल वाटलं नाही. नाना तसेच होते. चहा घेणार का, एवढं विचारलं तरी ते १९५२ पासून सुरू करत. सुदैवाने पुतण्याचा सर्व्हर आजोबांवर गेला नव्हता. तो तुकडे देणारा निघाला.

आता मागणी करायला ‘कर्ल’ नावाची एक वस्तू वापरायची होती. डॅनियल स्टेनबर्ग नावाच्या स्वीडिश गृहस्थाने ती १९९८ साली या नावाने बाहेर काढली आणि ती फुकट मिळते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाकून तिला हुकूम द्यावा लागतो. पहिल्याच हुकमाला मी अडलो. पहिले शंभर बाइट हवे असतील तर शून्य ते नव्व्याण्णव लिहायचं!

“शून्यापासून कसं मोजता?” मी म्हणालो. “आमच्या कॅशियरने पहिली नोट शून्य म्हणून मोजली तर संध्याकाळी त्याच्या घरी पोलीस जातील.”

“काका, यांच्यात तसंच असतं.”

मी गप्प बसलो. प्रत्येक खात्याचे आपले नियम असतात.

खरा प्रश्न पुढेच होता. तुकडा केवढा मागायचा? आमचा इंजिनिअर सावध वृत्तीचा. तो म्हणाला, लहान तुकडा बरा, तुटला तरी नुकसान नाही. त्याने चौसष्ट केबीचा घास ठरवला. काम सुरू झालं, पण पडद्यावर आकडे नुसते टपटपत राहिले आणि फाईल काही अंगाने भरेना. अशा वेळी बी.कॉम. उपयोगी पडतं. मी कागद घेतला. नऊ जीबीला चौसष्ट केबीने भागलं. आले एक लाख सत्तेचाळीस हजार चारशे छप्पन्न तुकडे. दर मागणी चिखलीहून टोरांटोला जाणार आणि उत्तर परत येणार. एका फेरीला इंजिनिअरने सेकंदाचे तीन दशांश सांगितले. गुणाकार केला. नुसत्या जाण्यायेण्याचे बारा तासांच्या वर झाले. यात माल भरायचा वेळ धरलेलाच नाही. शिवाय दर खेपेला नव्याने ओळखपाळख, नमस्कार-चमत्कार करायचे म्हटले, तर त्याच्या तिप्पट-चौपट. एकेक चमचा साखर आणायला माणूस चिखलीहून बुलढाण्याला पाठवावा, त्यातला प्रकार.

मग आम्ही दुसरं टोक गाठलं. पाचव्या दिवशी पाचशे बारा एमबीचा घास घेतला. अठरा घासांत काम फत्ते! पण इंजिनिअरच्या व्यवस्थेत तुकडा पुरा हातात येईपर्यंत लॅपटॉपच्या स्मरणात धरून ठेवायचा आणि मग एकदम डिस्कवर उतरवायचा, असं होतं. लॅपटॉप आधीच म्हातारा. एवढा घास तोंडात धरून तो धापा टाकू लागला. चारशेच्या वर एमबी आले आणि वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी मुलीच्या दहावीपासूनच नावाला होती. तोंडातला घास तोंडातच राहिला आणि डिस्कवर शितही पडलं नाही.

मी डोकं धरून बसलो होतो. आई देवघरातून आली.

“काय झालं रे?”

“आई, नाना मोठे आहेत. एकदम मावत नाहीत.”

“मंग थोडे थोडे घे.”

“किती थोडे, तेच तर कळत नाही ना!”

आई माझ्यासमोर बसली आणि तिने मला जे सांगितलं, ते मी जसंच्या तसं लिहितो. “आपल्या पोथीचे एकवीस अध्याय हायेत. एका दिवसात वाचाले बसलं तं पाठ धरते. अन् मधात कोणी आलं का उठा लागते. रोज एकएक ओवी वाचतो म्हटलं तं पोथी सोडा-बांधातच जलम जाते. म्हणून तीन-तीन अध्याय. सात दिवस. अन् वाचून झालं का मी मोरपीस ठेवते. दुसऱ्या दिवशी पोथीले विचारा लागत नाई, काल आपण कुठं होतो म्हणून.”

मी आणि इंजिनिअर एकमेकांकडे पाहत राहिलो. सर्व्हर, रेंज, दोनशे सहा, सगळं गजानन विजय ग्रंथाच्या पारायणात बसलेलं होतं आणि मोरपिसासकट.

खरं म्हणजे मलाही हे सुचायला हवं होतं. वीस वर्षं नोटा मोजतोय. नोटांची गड्डी शंभराचीच का? पन्नासाची केली तर पट्ट्या लावण्यात आणि सह्या करण्यात दिवस जाईल. हजाराची केली आणि नऊशे नव्वदाव्या नोटेला कोणी विचारलं, “साहेब, पासबुक भरून मिळेल का?” तर पुन्हा एकपासून. शंभराची असली की गेली तर एकच गड्डी जाते. अशा दहा गड्ड्यांचं एक बंडल. २०१६ च्या नोव्हेंबरात आमच्यासमोर नोटांचे डोंगर आले होते, ते आम्ही याच घासाने खाल्ले. घास केवढा घ्यावा, हे भुकेला विचारायचं नसतं. मध्येच उठावं लागलं तर ताटात किती टाकून देणं परवडेल, हे पाहून घास ठरवायचा. आमच्या लाईनचा, आमच्या विजेचा आणि त्या म्हाताऱ्या लॅपटॉपचा विचार करून आम्ही सोळा एमबीवर आलो. पाचशे शहात्तर तुकडे. जाण्यायेण्याचा खर्च तीन मिनिटांच्या आत. तुटलं तर बुडणार जास्तीत जास्त सोळा एमबी. आणि इंजिनिअरने हिशेब काढला, की एका तुकड्यात साधारण चाळीस सेकंद नाना बसतात.

रोजचे नव्वद तुकडे ठरवले. म्हणजे रोज तासभर नाना. दीड जीबीतून जे शहाण्णव एमबी उरत, त्यात सौ.ने नातेवाइकांना सुप्रभात आणि शुभरात्री करायची. सातव्या दिवशी छत्तीस तुकडे आणि समाप्ती. गावात अखंड हरिनाम सप्ताह असतो, तसा आमच्या घरी हा. रात्री बाराला मोबाईलचा नवा शिधा सुटे. एकादशी सोडायला बसावं तसे आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसत होतो.

मी एक शंभर पानी वही केली. रकाने आखले. तुकडा क्रमांक, पासून, पर्यंत, फाईलचा एकूण आकार, शेरा. इंजिनिअर हसला. संगणक हे सगळं आपोआप लिहून ठेवतो म्हणाला. मी म्हटलं, ठेवू दे. बँकेतही संगणक सगळं ठेवतो, तरी ऑडिटर माझ्याकडे रजिस्टर मागतो. पहिली ओळ मी सुवाच्य अक्षरात लिहिली : ० ते १,६७,७७,२१५. शेरा : बरोबर.

सहाव्या आणि सातव्या दिवशी एकशे ऐंशी तुकडे झाले. आठव्या दिवशी रात्री एकशे एक्याऐंशीव्या तुकड्याचे आकडे लिहिताना माझा हात थांबला. दर तुकड्याबरोबर सर्व्हर फाईलचा एकूण आकारही कळवतो. त्या रकान्यात शेवटचे दोन आकडे बदलले होते.

“एवढ्याशा फरकाने काय होतंय काका?” इंजिनिअर जांभई देत म्हणाला.

हे वाक्य मी ट्रेनी असताना एकदा म्हणालो होतो. त्या रात्री चाळीस पैशांच्या फरकासाठी आम्ही नऊपर्यंत बँकेत बसलो होतो. मी काम थांबवायला लावलं आणि टोरांटोला फोन केला. तिकडे दुपार होती.

“हो काका, सांगायचं राहिलंच,” पुतण्या म्हणाला. “मी फाईल बदलली.”

झालं होतं असं. अशा व्हिडिओच्या फाईलीला अनुक्रमणिका असते आणि ती पुष्कळदा शेवटी असते. त्यामुळे शेवटचा तुकडा हातात आल्याशिवाय पहिलं चित्रसुद्धा दिसत नाही. काकांना सात दिवस थांबावं लागू नये, आलं तेवढं बघता यावं, म्हणून त्या पोराने अनुक्रमणिका उचलून पुढे ठेवली होती आणि जुन्या फाईलच्या जागी नवी टाकली होती. हेतू सोन्यासारखा. परिणाम असा, की माझ्याजवळचे एकशे ऐंशी तुकडे जुन्या नानांचे आणि पुढचे सगळे नव्या नानांचे येणार होते. दोन्ही जोडले असते तर धड एकाचं आणि शीर दुसऱ्याचं होऊन, गणपतीचा अपवाद सोडला तर, काहीच चाललं नसतं.

इंजिनिअर आता पुरता जागा झाला होता. त्याने कबूल केलं, की यावरही रीतीमध्ये तोड आहे. सर्व्हर प्रत्येक फाईलवर एक शिक्का मारून देतो, त्याला ईटॅग म्हणतात. मागणी करताना सांगायचं, ‘शिक्का हाच असेल तरच तुकडा दे’. बदलला असेल तर सर्व्हर तुकडा न देता नवी फाईल पहिल्यापासून देतो, म्हणजे आपल्याला कळतं. ही अट घालायची तो विसरला होता. मी त्याला रागावलो नाही. चेकवरची तारीख पाहायची राहिली, असं माझ्याकडूनही झालेलं आहे. एकशे ऐंशी तुकडे, म्हणजे दोन तास नाना, आम्ही बुडीत खात्यात टाकले, वहीचं पान उलटलं आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागलो. या वेळी शिक्क्यासकट.

बाराव्या दिवसाअखेर साडेचारशे तुकडे आले. म्हणजे पाच तास. श्राद्धाच्या दिवशी सगळे नाना येणार नव्हते. पण अनुक्रमणिका आता पुढे होती. आठव्या दिवशी सकाळी पहिले नव्वद तुकडे जोडून मी आईला म्हटलं होतं, “ये, बघ.”

ती आली. लुगडं बदलून आली होती. लॅपटॉप देवघरासमोर पाटावर ठेवला. पडद्यावर ओसरी दिसली, खुर्ची दिसली आणि नाना दिसले. त्यांनी घसा खाकरला. वर्षभर आमच्या घरात कोणी तसा घसा खाकरला नव्हता.

नाना खामगावची गोष्ट सांगत होते. आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, खामगाव ही एके काळी कापसाची मोठी बाजारपेठ. १८७० साली इंग्रजांनी जलंबपासून खामगावपर्यंत बारा-तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा टाकला, तो काही आमच्या सोयीसाठी नव्हे, कापसाच्या. नाना लहान असताना त्यांच्या वडिलांबरोबर बैलगाडीतून खामगावच्या जिनात कापूस घालायला जात. एका वर्षी आजोबांनी एकाच खेपेत सगळा कापूस न्यायचा हट्ट धरला. गाडी शीग लावून भरली. नाल्यात चाक रुतलं, गाडी कलली आणि निम्मा कापूस पाण्यात भिजला. दुसऱ्या वर्षापासून दोन खेपा. “गाडी किती भरायची हे बैलाले विचारावं,” नाना पडद्यावरून म्हणाले, “मालकाले विचारू नये.”

मी कपाळावर हात मारून घेतला. इंजिनिअर झाला, टोरांटो झालं, १९९७ सालची रीत झाली, आणि जे शिकायला मला आठ दिवस लागले ते फाईलच्या पहिल्या दहा मिनिटांतच होतं! कापूस तरी दुसरं काय सांगतो? शेतातून तो ढिगाने निघतो. पण प्रेसमधून बाहेर पडतो तो एकशे सत्तर किलोच्या गाठीने. मग ती मुंबईला जावो नाहीतर आणखी कुठे. ढीग जगात कुठेच पोचत नाही. गाठी पोचतात.

दहा मिनिटं झाली आणि आई म्हणाली, “बंद कर.”

मला वाटलं, तिला सहन होत नाही. “आई, अजून तासभराचं आहे.”

“हाये तं राहू दे. आजच्यापुरतं इतकंच.” आणि तिने उठून देवघरातल्या पोथीतलं मोरपीस काढलं, ते लॅपटॉपवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

श्राद्धाला पाहुणे आले. सगळ्यांनी सगळं बघायचा आग्रह धरला. विशेषतः धुऱ्यांच्या तपशिलापर्यंत पोचण्याची काही जणांना फार घाई होती. आईने दहा मिनिटं लावू दिलं आणि पान वाढायला घेतलं. त्यानंतर दोन दिवसांत उरलेले तुकडेही आले. शेवटचा जरा तोकडा होता, तो तसाच असतो. पुतण्याने पूर्ण फाईलचा चौसष्ट अक्षरी ठसा पाठवला होता. आम्ही आमच्या फाईलचा ठसा काढला आणि मी मोठ्याने, इंजिनिअरने मनात, असा एकेक अक्षर पडताळून पाहिला. जुळला. वहीत मी लाल शाईने लिहिलं : शिल्लक बरोबर. फायबरची लाईनही त्याच आठवड्यात सुरू झाली, हे सांगायला नकोच.

आता फाईल आमच्याकडे आहे. लॅपटॉपमध्ये आहे, दोन ठिकाणी नकला आहेत. पण आई आपली रोज संध्याकाळी दिवा लावला की दहा मिनिटं बघायची. महिना-सव्वा महिन्यात सहा तास संपले. शेवटची चोवीस मिनिटं राहिली, तेव्हा मी पाहिलं, तिने दहाची पाच मिनिटं केली. मग तीन. सध्या रोज दोन मिनिटं चालू आहे, आणि एखाद्या दिवशी ‘कालचं नीट ऐकू आलं नाई’ म्हणून कालचीच दोन मिनिटं पुन्हा.

काल बंद करताना तिने मला विचारलं, “किती राह्यलं रे?”

पडद्याखाली आकडा स्पष्ट दिसत होता. वीस वर्षांच्या नोकरीत मी कोणाला शिल्लक कधी चुकीची सांगितलेली नाही.

“बरंच आहे, आई,” मी म्हणालो.